वृद्धवसाहतीचा खर्च

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांत मुले परगावी अथवा परदेशी स्थायिक झाली असून इंदूर-बडोद्याच्या प्रशस्त घरांत दोन वृद्ध जीव तेवढे उरले आहेत. अशांपैकी काही मंडळी पुण्याकडील एखाद्या वृद्धवसाहतीत बिऱ्हाड हलविण्याच्या विचारात असतात. विचार चांगला आहे; मात्र माहितीपत्रकातील रंगीत चित्रे व प्रवेशाचा आकडा एवढ्यावरच तो ठरवू नये.

प्रवेशाचे मार्ग मुख्यतः तीन : घर विकत घेणे, परत मिळणारी अनामत ठेवून राहणे, किंवा परत न मिळणारी रक्कम भरून हयातीपुरता हक्क मिळविणे. विकत घेतल्यास मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वेगळी पडते. शिवाय तेथे राहणारा ठरावीक वयाचाच असावा, अशी अट बहुधा असते. त्यामुळे मुलाला घर वारसाने मिळाले तरी त्यास तेथे राहता येईलच असे नाही. अनामत परत मिळते, तेव्हा ती फुकटच, असाही एक समज आढळतो. १५ लाखांवर सात टक्के व्याज धरले तर वर्षाचे १,०५,००० रुपये होतात; म्हणजे दरमहा ८,७५० रुपये आपण न बोलता देतच असतो.

परंतु खरा भार मासिक आकाराचा होय. समजा, आज दोघांचे २०,००० रुपये पडतात व हा आकार दरसाल सहा टक्क्यांनी वाढतो. बारा वर्षांत तो ४०,००० च्या वर जाईल. बहात्तराव्या वर्षी गेलेल्या गृहस्थास चौऱ्याऐंशीव्या वर्षी दुप्पट द्यावे लागेल, आणि नेमकी तेव्हाच रात्रंदिवस सोबतीला माणूस लागेल. त्या माणसाचा पगार मासिक आकारात सहसा धरलेला नसतो. अंथरुणाला खिळलेल्यास तेथेच ठेवतात की अन्यत्र हलवावयास सांगतात, हे आरंभीच लेखी विचारून घ्यावे.

दोघांपैकी एक गेल्यावर खर्च निम्मा होत नाही. जेवणाचे पैसे घटतात, खोलीचे घटत नाहीत. कुटुंबनिवृत्तिवेतन मात्र मूळ निवृत्तिवेतनाहून बहुधा कमी असते. मागे राहणारी पुष्कळदा पत्नी असते, म्हणून हा हिशेब तिला बाजूस ठेवून मुळीच करू नये. (बँकेची पुस्तके कोठे आहेत हेही तिला ठाऊक असावे!)

आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठ वर्षांवरील रहिवाशाकडून निवास, भोजन व देखभाल मिळून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत आकार घेतल्यास त्यावर जीएसटी लागत नाही. खासगी वसाहतीत करासह रक्कम किती, ते विचारावे. केंद्र सरकारने २०१९ साली निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत; करार करण्यापूर्वी ती वकिलास दाखवावीत.

राहते घर विकण्याची घाई नको. महिना दोन महिने पाहुणे म्हणून राहता येत असेल तर राहून पाहावे. घर मुलांच्या नावे बक्षीस करावयाचेच असेल, तर सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे दस्त रद्द करून मागता येतो. आणि वसाहत पाहावयास जाल तेव्हा व्यवस्थापकांचा चहा घेऊन झाल्यावर भोजनगृहातील एखाद्या जुन्या रहिवाशाजवळ बसावे व त्यांची गेल्या तीन वर्षांची बिले पाहावयास मागावीत.