बेवारस गाडीचा खर्च कोणी द्यायचा?

ठाण्यात वागळे इस्टेटला जा, कळव्याला जा, नाही तर कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या गल्लीत जा. रस्त्याच्या कडेला एक तरी मोडकी गाडी उभी दिसेल. टायर बसलेले असतात. काच फुटलेली असते. आत लोकांनी कचरा टाकलेला असतो. गाडी कोणाची म्हणून विचारले, तर उत्तर मिळते, "कोण जाणे! दोन वर्षे झाली, इथेच आहे."

अशा गाडीला आपण बेवारस म्हणतो. खरे पाहता ती बेवारस नसते. प्रत्येक गाडीला नंबर असतो. ठाण्याच्या नंबरात ०४ असते, कल्याणच्या नंबरात ०५ असते. त्या नंबराखाली कोणाचे तरी नाव आर.टी.ओ.च्या दप्तरी लिहिलेले असते. मग मालक पुढे का येत नाही? गाडी हलवायला पैसे कोणी द्यायचे? आणि हलवून तिचे करायचे काय? हे आज आपण समजून घेऊ.

गाडीचा त्रास काय?

पहिला त्रास वाटेचा. गल्ली आधीच अरुंद. त्यात एक गाडी कायमची उभी. आग लागली तर बंब आत येत नाही. बाळंतीण अडली तर रुग्णवाहिका नाक्यावरच थांबते. अशा वेळी पाच मिनिटे म्हणजे एखाद्याचा जीव.

दुसरा त्रास डासांचा. पावसाळ्यात जुन्या टायरमध्ये पाणी साठते. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांचे डास होतात.

तिसरा त्रास विषाचा. बॅटरीत शिसे आणि तेजाब असते. इंजिनात काळे तेल असते. ते गळून मातीत आणि गटारात जाते. शिसे तर लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. आणि मुले त्याच गाडीत लपंडाव खेळतात!

मालक गाडी का सोडतो?

सगळेच मालक बेफिकीर नसतात. कोणाच्या गाडीची दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडते. कोणाचे कर्ज फिटलेले नसते, दंड थकलेले असतात. कुठे घरचा कर्ता माणूस वारलेला असतो आणि गाडी वारसांच्या नावावर झालेली नसते.

जुनी गाडी ठेवणे आता महागही झाले आहे. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते. मोटारीसाठी ही फी पूर्वी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० रुपये झाली. स्कूटर-मोटारसायकलची फी ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. शिवाय महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे. गरीब माणूस हिशेब करतो आणि गाडी आहे तिथेच सोडून देतो.

पोलिस ठाण्याच्या आवारातही गाड्या कुजत पडलेल्या दिसतात. चोरीच्या, अपघाताच्या, खटल्यातल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात सांगितले, की अशा गाड्या वर्षानुवर्षे ठाण्यात ठेवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, आणि गाडी मालकाला द्या किंवा तिचा लिलाव करा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याचे कलम १२७ असे सांगते: सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ गाडी टाकून दिली, तर गणवेशातला पोलिस अधिकारी ती उचलण्याचा हुकूम देऊ शकतो. उचलण्याचा सगळा खर्च मालकाचा. दंड वेगळा. रस्त्यावरची अडचण काढण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांनाही आहे.

कागदावर उत्तर सोपे आहे. मालकाने पैसे द्यावेत. पण मालक सापडतच नाही, तेव्हा? क्रेनचे भाडे, माणसांची मजुरी आणि गाड्या ठेवायची जागा, हे सगळे पालिकेच्या माथी येते. पालिकेचा पैसा म्हणजे तुमचा-आमचा पैसा. ज्याने आयुष्यात सायकलही घेतली नाही, तोही त्या मोटारीचा खर्च सोसतो. हा न्याय झाला काय?

मोडक्या गाडीत पैसा आहे

आता दुसरी बाजू पाहू. लहान मोटार ८०० किलोची धरा. तिच्यात शंभरातले सुमारे सत्तर भाग लोखंड-पोलाद असते. म्हणजे ५६० किलो झाले. किलोला २५ रुपये भाव धरला, तर १४,००० रुपये होतात. ॲल्युमिनियम, तांबे आणि बॅटरीतले शिसे यांचे पैसे वेगळे. हे लोखंड भट्टीत वितळवून पुन्हा नवे पोलाद होते. तेवढे खनिज खाणीतून काढावे लागत नाही, कोळसाही वाचतो.

मात्र मोडण्याची रीत नीट हवी. आधी बॅटरी काढायची. मग पेट्रोल, तेल आणि थंड हवेच्या यंत्रातला वायू वेगळा करायचा. मग टायर, काचा आणि चांगले सुटे भाग. शेवटी सांगाडा दाबून भट्टीला पाठवायचा. ही रीत खर्चाची आहे. म्हणून काही जण तेल गटारात ओततात आणि तांब्यासाठी तारा जाळतात. पैसा त्यांना मिळतो आणि धूर आपल्याला.

इतर देशांनी काय केले?

स्वीडनने १९७५ मध्ये युक्ती काढली. नवी गाडी घेतानाच थोडी रक्कम भरायची. ती एका निधीत जमा होई. पुढे जो कोणी ती गाडी मोडायला आणून देई, त्याला त्या निधीतून बक्षीस मिळे. जपानमध्ये २००५ पासून गाडी घेणाराच मोडणावळ आधी भरतो. युरोपच्या देशांनी २००० मध्ये नियम केला, की शेवटच्या मालकाकडून मोडणावळ घ्यायची नाही, तो बोजा कारखानदाराने उचलावा.

आपल्याकडे काय झाले?

आपल्या देशात २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडण्याचे धोरण आले. सरकारमान्य मोडणी केंद्रांचे नियम झाले. अशा केंद्रात गाडी दिली, की भंगाराचे पैसे मिळतात आणि गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो. दाखला दाखवून नवी गाडी घेतली, तर नोंदणीची फी माफ होते. खासगी गाडीच्या रस्ता-करात राज्याला २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. धंद्याच्या गाडीला ही मर्यादा १५ टक्के आहे.

१ एप्रिल २०२५ पासून आणखी एक नियम लागू झाला. गाडी बनवणाऱ्या कारखानदारांवरच आता जबाबदारी आहे. त्यांनी पूर्वी विकलेल्या गाड्यांत जेवढे पोलाद वापरले, त्यातले निदान ८ टक्के पोलाद परत मिळवल्याचे त्यांनी दाखवायचे. खासगी गाड्यांसाठी २० वर्षांपूर्वीचा हिशेब धरतात, धंद्याच्या गाड्यांसाठी १५ वर्षांपूर्वीचा. पुढे हा आकडा १३ आणि मग १८ टक्के होणार आहे. मोडणी केंद्राला परत मिळवलेल्या पोलादाचे प्रमाणपत्र मिळते. ते कारखानदार विकत घेतो. म्हणजे कारखानदाराचा पैसा मोडणी केंद्राकडे येतो.

आम्हाला हे धोरण बरे वाटते. पण एक उणीव राहते. गल्लीतली गाडी क्रेनने केंद्रापर्यंत न्यायचा खर्च अजून मालकावर किंवा पालिकेवरच आहे. स्वीडनसारखा निधी असता, तर गाडी आणून देणाऱ्याला चार पैसे मिळाले असते. मग रस्त्यावर गाडी सोडली कोणी असती?

आपण काय करावे?

भंगारवाला दारात येतो आणि रोख पैसे देतो. तो कष्टाचा धंदा करतो, त्याला नावे ठेवू नयेत. पण नुसती गाडी देऊन मोकळे होऊ नका. कागदोपत्री गाडी तुमच्याच नावावर राहते. उद्या तो नंबर कोणी चोरीच्या गाडीला लावला, तर पोलिस तुमच्या दारी येतील. म्हणून सरकारमान्य केंद्रातच गाडी द्या, दाखला घ्या आणि आर.टी.ओ.कडे जाऊन नोंदणी रद्द करून घ्या. गाडी कायमची निकामी झाली, तर १४ दिवसांत कळवावे, असे कायद्यात आहे.

घरातले माणूस वारले असेल, तर गाडी आधी वारसाच्या नावावर करून घ्या. हे काम टाळले म्हणूनच कित्येक गाड्या रस्त्यावर सडतात.

आणि गाडीच्या काचेवर पालिकेचा किंवा पोलिसांचा कागद चिकटवलेला दिसला, तर थांबून वाचा. गाडी किती दिवसांत हलवायची, ते त्यावर लिहिलेले असते. शेजाऱ्याची गाडी असेल आणि त्याला वाचता येत नसेल, तर त्याला वाचून दाखवा. मुदत टळली की गाडी जाते आणि वर खर्चही अंगावर पडतो. दोन ओळी वेळेवर वाचल्या, तर हे दोन्ही वाचते.