वेसकराची जागल

जागृतीविषयींचे दृष्टान्त आपल्यापैकीं बहुतेकांस तोंडपाठ आहेत. दहा कुमारी, रात्रीं येणारा चोर, परदेशीं गेलेला धनी, हीं चित्रें आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु जे शब्द फार ऐकण्यांत येतात त्यांचा अर्थ हळूहळू पुसट होत जातो, आणि 'जागे राहा' ही आज्ञा कानांवर पडली तरी आपण स्वस्थ बसून राहतों. म्हणून आज मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटीं येणाऱ्या एका लहानशा माणसाकडे मी आपलें लक्ष वेधणार आहें. धनी प्रवासास निघतो, प्रत्येक चाकरास त्याचें त्याचें काम नेमून देतो, आणि द्वारपाळास मात्र जागें राहावयास सांगतो. द्वारपाळ हा पुस्तकी शब्द झाला. आपल्या नगर जिल्ह्यांत अशा माणसास वेसकर म्हणत.

वेसकराचें काम हल्लींच्या तरुणांनीं पाहिलेलें नाहीं. तेव्हां तें थोडें विस्तारानें सांगतों. गांवाभोंवतीं कूस असे, त्यांत वेस असे, आणि वेशीला जाड लाकडी दार व आंतून अडसर असे. दिवस मावळला कीं दार लावावें, रात्र वेशीपाशीं काढावी, आणि तांबडें फुटतांच दार उघडावें, असा वेसकराचा क्रम. ही चाकरी महारवाड्यांतील घराण्यांकडे पाळीपाळीनें येई. तिच्याखेरीज सांगावा पोंचविणें, अंमलदाराबरोबर वाट दाखवीत जाणें, शिवेच्या तंट्यांत साक्ष देणें, मेलेलें ढोर ओढणें, हेंही सर्व त्यांच्याच माथीं. मोबदला म्हणाल तर हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा, बलुत्याचें धान्य, आणि दारोदार फिरून मागितलेली भाकर. ज्या गांवाची वेस तो राखी त्या गांवांत त्याला बिऱ्हाड करतां येत नसे, आणि गांवच्या देवळाची पायरी त्याला वर्ज्य असे. ह्या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत विधेयक आणलें. पुढें १९५८ च्या कायद्यानें हीं कनिष्ठ गांववतनें रद्द झालीं. झालें तें उत्तमच झालें. त्या प्रथेचें गुणगान करण्यासाठीं मीं वेसकराचें नांव काढलेलें नाहीं.

नांव काढलें तें अशासाठीं कीं, ह्या जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांत ज्यांनीं ती आज्ञा प्रथम ऐकली त्यांच्यापैकीं पुष्कळजण वेसकराच्याच घरचे होते. अमेरिकन मराठी मिशनचें काम नगरास १८३१ सालीं सुरू झालें. हरिपंत ख्रिस्ती ह्या ब्राह्मण गृहस्थांनीं १८३९ सालीं बाप्तिस्मा घेतला, आणि १८५४ सालीं ते व रामकृष्णपंत मोडक ह्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. इतिहासांत अशीं नांवें ठळक उमटतात. परंतु नेवासें, राहुरी, शेवगांव, पारनेर ह्या बाजूंच्या खेड्यापाड्यांतून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महारवाड्यांतून व मांगवाड्यांतून. तेथील तक्क्यांत कंदिलाच्या उजेडांत जेव्हां कोणी वाचून दाखवी कीं धन्यानें द्वारपाळास जागें राहावयास सांगितलें, तेव्हां त्या लोकांस टीकाकाराची गरज पडली नसेल. तो द्वारपाळ कसा बसतो, त्याला थंडी कोठें झोंबते, पहाटेच्या कोणत्या घटकेस पापणी जड होते, हें सर्व त्यांनीं अंगानें भोगलेलें होतें.

माझे आजोबा नेवासें तालुक्यांतील एका गांवचे वेसकर होते. बाप्तिस्मा झाला म्हणून वतनाची पाळी चुकत नसे. रविवारीं उपासना आणि रात्रीं वेस, असें त्यांचें आयुष्य गेलें. मी शाळेंत असतांना त्यांना एकदां विचारलें, "आजोबा, इतकीं वर्षें तुम्ही जागलांत, चोर किती धरले?" ते हंसले आणि म्हणाले, "चोर कशाला येशीतून येईल, बाबा? त्यो कूस चढून येतो. येशीवर जागायचं ते दार उघडाया. रातच्याला येतो तो आपलाच माणूस."

हें उत्तर मला त्या वेळीं समजलें नाहीं. पुढें त्यांनींच उलगडा केला. बाजाराहून परततांना ज्याची बैलगाडी वाटेंत मोडली तो, दुसऱ्या गांवाहून बोलावून आणलेली सुईण, मयताचा सांगावा घेऊन आलेला पाहुणा, सासरीं मार खाऊन रात्रीं चालत निघालेली लेक, अशीं माणसें वेशीवर थाप मारीत. वेसकर झोंपलेला असला तर चोराचें कांहीं अडत नसे. अडे तें ह्यांचें. थाप ऐकली कीं प्रथम आवाज ओळखावयाचा, मग अडसर काढावयाचा, आणि मग कंदील धरून घरापर्यंत पोंचवावयाचें. दार लावणें हें कामाचें सोपें अंग. उघडणें अवघड, कारण तें ऐन झोंपेच्या वेळीं करावें लागे.

आतां शुभवर्तमानाकडे पुन्हां पाहूं. प्रभूनें चोराचा दृष्टान्त दिला आहे हें खरें, आणि तो विसरतां कामा नये. परंतु आपल्या मनानें तेवढाच उचलला. जागृति म्हणजे भय, संशय, शेजाऱ्याच्या पापावर नजर, कोण कोठें चुकला ह्याची टिपणवही, असें तिचें रूप आपण करून ठेविलें. कित्येक घरांत भक्तिमान म्हणून मान पावलेला वडील मनुष्य हा खरोखर चोर धरावयास बसलेला पहारेकरी असतो. मुलें त्याच्यासमोर गप्प होतात आणि सुना पदर सांवरतात. मार्काचा द्वारपाळ चोराची वाट पाहत नाहीं. तो धन्याची वाट पाहतो, आणि लूक बाराव्या अध्यायांत सांगतो तें असें कीं धनी आला व त्यानें दार ठोठावलें म्हणजे चाकरांनीं तें लागलींच उघडावें. जागृतीची परीक्षा त्या 'लागलींच' ह्या शब्दांत आहे.

त्याच ठिकाणीं पुढें जी गोष्ट आहे तिच्यापाशीं मी वारंवार थांबतों. चाकर जागे सांपडले म्हणजे धनी काय करतो? शाबासकी देऊन आपल्या खोलींत निघून जात नाहीं. तो स्वतः कंबर बांधतो, चाकरांस जेवावयास बसवितो, आणि त्यांना वाढूं लागतो. आमच्या आजोबांसारख्यांनीं हें ऐकलें तेव्हां त्यांना काय वाटलें असेल ह्याचा विचार करा. ज्यांना भाकर वरून ओंजळींत टाकली जाई त्यांना घरचा धनी पानावर बसवून वाढतो! धर्मशास्त्राच्या दहा ग्रंथांनीं जें सांगितलें नसतें तें ह्या एका वाक्यानें सांगितलें. नगरच्या पहिल्या पिढीच्या मंडळीनें प्रभुभोजनाच्या वेळीं जातिभेद चालूं द्यावयाचा नाहीं असा जो आग्रह धरिला, त्याचें मूळ मला येथें दिसतें.

परंतु पंक्तीला एकत्र बसणें आणि मनांतील अडसर काढणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढें पतीकडे परत आल्यावरही त्यांचें सोवळें लगेच सुटलें नाहीं. 'स्मृतिचित्रें' ह्या आपल्या आत्मवृत्तांत त्यांनीं तो झगडा कांहीं न लपवितां लिहून ठेविला आहे. जात देवानें केली कीं माणसानें, हा प्रश्न एकदां मनांत उठला; ती माणसाचीच करणी असें उत्तर आंतून मिळालें; आणि मग कोणाच्याही हातचें खावयाचें असें त्यांनीं ठरविलें. हें घडलें तें त्यांच्या बाप्तिस्म्यापूर्वी. बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. मला ह्यांत विशेष वाटतें तें हें कीं, कोणी व्याख्यान देऊन त्यांना तेथें ओढून नेलें नाहीं. दारावर थाप पडली, ती त्यांना ऐकूं आली, आणि त्या उठल्या. आणि आपण, ज्यांच्या घरांत तीन तीन पिढ्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, मुलीचें लग्न ठरवितांना पूर्वीची जात हळूच विचारतों. थाप पडते, आपण कूस बदलतों.

कुमारींच्या दृष्टान्ताविषयीं एक शंका मला पुष्कळांनीं विचारली आहे. शहाण्या कुमारींनीं आपल्यांतलें थोडें तेल दिलें असतें तर काय बिघडलें असतें? हा ख्रिस्ती परोपकार कसला? ज्यांनीं गोंधळ्याची दिवटी पाहिली आहे त्यांना हें लवकर उमगेल. दिवटी पेटवून भागत नाहीं. बुधलींतून तेल पुनः पुनः घालीत राहावें लागतें, नाहीं तर चिंधी जळून जाते. अर्ध्या रात्रीं एका बुधलींत दोन दिवट्या चालविल्या तर दोन्ही वाटेंतच विझतील, आणि वरात अंधारांत राहील. शिवाय कांहीं गोष्टी उसन्या देतां येतच नाहींत. आईची प्रार्थना मुलाच्या कामास येते. परंतु प्रार्थनेची संवय ती त्याला मरतेवेळीं काढून देऊं शकत नाहीं. ती रोज थोडी थोडी, कंटाळा आला असतांही, ज्याची त्यानेंच भरावयाची असते.

येथें एक सावधगिरीची सूचना, आणि ती विशेषेंकरून पाळकांस व वडील मंडळींस. आपला जिल्हा अवर्षणाचा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर येथें पुष्कळ कुटुंबें मंडळींत आलीं, आणि हीं माणसें दाण्यासाठीं आलीं असा टोमणा त्यांना जन्मभर ऐकावा लागला. कोणी दाण्यासाठीं आलेही असतील. भुकेल्यानें धान्याच्या दाराशीं येऊं नये तर कोठें जावें? परंतु पाऊस पडल्यावर, धान्य मिळेनासें झाल्यावर, आणि गांवानें विहीर बंद केल्यावरही जे राहिले त्यांची जागृति त्या टोमणे मारणाऱ्यांहून मोठी होती. तसेंच, दिवसभर दुसऱ्याच्या रानांत खुरपून आलेली बाई सायंकाळच्या प्रार्थनेंत पेंगूं लागली तर तिला चारचौघांत जागें करूं नये. गेथशेमनेच्या बागेंत शिष्य झोंपी गेले त्याचें कारण लूक दुःख असें देतो. प्रभूनें त्यांना उठविलें खरें, परंतु त्यांचा त्याग केला नाहीं.

आजोबांविषयीं आमच्या घरीं एक वाद अद्याप मिटलेला नाहीं. प्रभुभोजनाच्या रविवारीं ते नेहमीं देवळाच्या दाराशीं, अगदीं उंबऱ्याला लागून, बसत. पाळकांनीं पुष्कळदां हात धरून पुढें आणलें. पुढल्या खेपेस आजोबा पुन्हां आपल्या जागीं. माझे वडील म्हणत कीं ती जुनी भीति होती. इतकीं वर्षें ज्याला आंत येऊं दिलें नाहीं त्याच्या पायांना उंबरा ओलांडण्याची संवय कोठून असणार? आणि हें बोलतांना त्यांच्या आवाजांत राग असे. माझी आत्या म्हणे, तसें मुळींच नाहीं. लांबच्या वस्तीवरचे लोक उपासनेस उशिरां येत, दार लावलेलें पाहून संकोचानें बाहेरच उभे राहत. तेव्हां आजोबा आंतून दार लोटीत, सरकून जागा देत, आणि गाण्याच्या पुस्तकांतील पान काढून त्यांच्या हातीं देत. स्वतःस वाचतां येत नव्हतें. परंतु शेजाऱ्याच्या पुस्तकांत डोकावून पानाची खूण त्यांनीं ओळखून ठेविलेली असे.