शेवटच्या मात्रेतील विष

नागपूर-अमरावती मार्गावरील तिवशात बसून विलायती खूनकथा वाचणाऱ्यास तिच्यातील प्रशस्त वाडे आणि नोकरचाकर परके वाटले, तरी अगाथा ख्रिस्तीच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीतील विष, स्ट्रिक्निन, हे आपल्या देशात उगवणाऱ्या कुचल्याच्या बियांतूनच निघणारे आहे. पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम केलेल्या या लेखिकेस हे ठाऊक होते की, स्ट्रिक्निनयुक्त शक्तिवर्धक औषधात ब्रोमाइडची पूड मिसळली असता विष तळाशी साचते, आणि इतके दिवस गुणकारी ठरलेल्या त्याच बाटलीतील शेवटची मात्रा प्राण घेते. या रासायनिक सत्यावरच तिने सारे कथानक रचले. पंचनाम्यात वस्तू दाखल व्हावी तसा प्रत्येक पुरावा वाचकासमोर येतो, प्रत्येक जबानी त्याच्या कानी पडते, आणि तरीही गुन्हेगार त्याच्या हातून निसटतो; या सचोटीच्या फसवणुकीतच, माझ्या मते, या वाङ्मयाचे खरे आकर्षण आहे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी सहस्राहून अधिक रहस्यकथा लिहून वाचकांच्या पिढ्या घडविल्या, मात्र त्यांचा नायक झुंजार मुख्यत्वे साहसावर विसंबणारा. संथ तपासाची, तर्कप्रधान खूनकथा आपल्याकडे अजून विपुल लिहिली जावयास हवी.