इंद्रजिताचे युद्ध : जेट विमानांच्या लढतीचे वास्तव

आकाशातील लढतीचे वर्णन करू लागला की आपल्या भाषांतील लेखक सहजच कर्णार्जुनांच्या द्वंद्वाकडे वळतो. दोन रथी समोरासमोर उभे आहेत, परस्परांना ओळखतात आणि ज्याचे सामर्थ्य अधिक तो विजयी होतो, अशी ती कल्पना आहे. वस्तुतः जेट विमानांचे युद्ध रामायणातील इंद्रजिताच्या युद्धाला अधिक जवळचे आहे. इंद्रजित आकाशात अदृश्य राहून शरवर्षाव करतो. बाण कोठून येत आहेत हे रामलक्ष्मणांना उमगत नाही. हे साम्य केवळ कविकल्पनेचे नाही, हे येथे थोडक्यात दाखवावयाचे आहे.

प्रथम वेगाचा विचार करू. लढाऊ विमानाची थोरवी सांगताना ध्वनीच्या दुप्पट वेगाचा उल्लेख हटकून होतो. परंतु वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान गुरुत्वाकर्षणाच्या सातपट भार सोसून वळले, तर त्रिज्या सुमारे ९०० मीटर होते. वेग दुप्पट केल्यास तीच साडेतीन किलोमीटरांपलीकडे जाते. त्या भाराखाली ७० किलो वजनाच्या वैमानिकाला स्वतःचे शरीर ४९० किलोंचे भासते. रक्त पायांकडे उतरते, दृष्टी मंदावते आणि प्रसंगी शुद्ध हरपते. शिवाय आफ्टरबर्नर पेटविला की इंधन झपाट्याने सरते. म्हणूनच जवळच्या लढती बहुधा ध्वनीहून कमी वेगातच झाल्या. जॉन बॉइड आणि थॉमस ख्रिस्टी यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या ऊर्जा-सिद्धांताचे सारही हेच होते : कमाल वेगापेक्षा वेग आणि उंची किती लवकर मिळविता वा पालटता येतात, याला अधिक महत्त्व आहे.

कागदावरील आकडे आणि प्रत्यक्ष युद्ध यांतील अंतर व्हिएतनाममध्ये स्पष्ट झाले. अमेरिकेचे फँटम विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाचे होते. पुढील युद्धे दूरवरून क्षेपणास्त्रांनीच होतील या विश्वासाने त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत तोफ बसविलेली नव्हती. त्याच्यासमोर आले ते सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही न गाठणारे, परंतु चपळ वळणारे आणि तोफा बाळगणारे मिग-१७. शत्रू डोळ्यांनी ओळखल्याविना मारा करू नये, असा नियम बहुतेक वेळा लागू असल्यामुळे दूर पल्ल्याचा लाभ उरला नाही. रडारच्या आधारे जाणाऱ्या स्पॅरो क्षेपणास्त्रांपैकी दहांतील एखादेच जेमतेम लक्ष्य गाठी. पुढे फँटमच्या नव्या आवृत्तीत तोफ आली. अमेरिकी नौदलाने १९६९ साली मिरामार येथे हवाई लढतीचे स्वतंत्र विद्यालय काढले, आणि अमेरिकी नोंदींनुसार १९७२मध्ये नौदलाच्या यशाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. विमान तेच होते. बदलले होते ते वैमानिकाचे शिक्षण.

याच युद्धाच्या चिकित्सेतून आणखी एक गोष्ट पुढे आली. शत्रूच्या विमानांकडून पाडल्या गेलेल्या बहुसंख्य वैमानिकांना आपल्यावर हल्ला होत आहे हे वेळेवर कळलेच नव्हते. ज्याने प्रथम पाहिले त्याने जिंकले. द्वंद्व झालेच नाही. भारतीय हवाई दलाच्या चिमुकल्या नॅट विमानाने १९६५ आणि १९७१ साली सेबर विमानांविरुद्ध जे यश मिळविले, त्याच्या कारणांत त्याचा लहान आकारही होता : ते चटकन दिसत नसे.

खरे द्वंद्व क्वचित घडते. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला होत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅटमधून उड्डाण केले आणि सहा सेबर विमानांच्या तुकडीला ते भिडले; त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. परंतु असे प्रसंग चटकन कथारूप घेतात, म्हणूनच ते नियम वाटू लागतात.

१९९१च्या आखाती युद्धापर्यंत तंत्र पालटले होते. आकाशातील टेहळणी-विमानांच्या साहाय्याने, सुधारलेल्या स्पॅरोंनीच मित्रराष्ट्रांच्या हवाई लढतींतील निम्म्याहून अधिक बळी टिपले. आजची क्षेपणास्त्रे शंभर किलोमीटरांपलीकडे मारा करू शकतात, आणि रडारला अल्प दिसावे म्हणून विमानाचा आकारच घडविला जातो. इंद्रजिताची विद्या आता कारखान्यात सिद्ध होते.

आपल्या परंपरेने अशा लढाईला कूटयुद्ध म्हटले आणि तिच्याकडे संशयाने पाहिले. आधुनिक हवाई दलांनी तिलाच शास्त्राचे रूप दिले आहे. तेव्हा युद्धकथा लिहिणाऱ्याने वा अनुवादणाऱ्याने ‘द्वंद्व’ हा शब्द योजण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : मारला गेला त्याने मारणाऱ्यास पाहिले होते काय? बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येईल. त्या मृत्यूला पराक्रमाच्या रूपकात बसविणे म्हणजे मेलेल्याच्या वाट्याला आलेले सत्य पुसून टाकणे होय.