शेजारच्या बाकावरचा प्रतिस्पर्धी

कायद्याच्या महाविद्यालयात आपापल्या शाळेतून पहिले आलेल्यांचीच गर्दी असते. पहिला नंबर मात्र वर्गात एकच. मग बाकीच्यांनी करायचे काय? मी काय केले ते सांगतो. लाज वाटते, तरी सांगतो.

दुसऱ्या वर्षी मूट कोर्टाची निवड जवळ आली होती. ग्रंथालयात सीरवाईंच्या संविधानावरील ग्रंथाची एकच प्रत. तिचा हवा तो खंड मी आयकराच्या पुस्तकांमागे सरकवून ठेवला. गोकाककडचा माझा एक वर्गमित्र चार दिवस तो शोधत होता. “तुला दिसला का रे?” असे त्याने मलाच विचारले. मी “नाही” म्हणालो. आणि निवड झाली ती नेमकी आम्हा दोघांची, एकाच संघात!

मूट कोर्टातला खटला काल्पनिक असतो. पण लेखी युक्तिवाद अपीलकर्ता आणि प्रतिवादी अशा दोन्ही बाजूंनी तयार करावा लागतो. म्हणजे सरावात एकाने मांडायचे आणि दुसऱ्याने ते फोडायचे. इथे सोबती कच्चा असला तर आपलेच नुकसान. तो कन्नड माध्यमातला, मी मराठी. इंग्रजीची धास्ती दोघांनाही. आम्ही अर्धे मराठीत, अर्धे कन्नडात भांडत असू आणि टिकलेला मुद्दा मग इंग्रजीत उतरवीत असू. माझे निम्मे मुद्दे त्याने पहिल्याच संध्याकाळी निकालात काढले. तिसऱ्या दिवशी मी तो खंड आणून त्याच्यापुढे ठेवला. त्याने एकदा पुस्तकाकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. “मिळाला म्हणायचा,” एवढेच बोलला आणि पान उघडले.

पुढे त्याच सीरवाईंची हकिकत वाचनात आली. १९७३ साली निकाल लागलेल्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. अर्जदारांतर्फे नानी पालखीवाला, केरळ सरकारतर्फे सीरवाई. दोघेही मुंबईच्या जमशेदजी कांगांच्या चेंबरमध्ये तयार झालेले! ७ विरुद्ध ६ अशा मतांनी संविधानाच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त उभा राहिला. सीरवाईंनी तो कोर्टात खोडून काढायचा प्रयत्न केला होता. पुढे आपल्या ग्रंथात त्यांनी तो उचलून धरला. समोरचा वकील लेचापेचा असता, तर ही वेळ आली असती का?

गुणांना किंमत नाही असे मी म्हणत नाही. मोठ्या फर्ममध्ये अर्ज केला की आधी गुणपत्रिकाच पाहतात. पण वकिलीसाठी २०१० पासून जी अखिल भारतीय बार परीक्षा आहे, ती नुसती उत्तीर्ण व्हावी लागते. आणि दारी आलेला पक्षकार तर आपला नंबर विचारीतच नाही.

असो. त्या स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच फेरीत बाद झालो. आता शेवटच्या वर्षी सरावाचे पेपर एकमेकांना तपासायला देतो. माझ्या उत्तराखाली तो लाल शाईने ‘आधार कुठे?’ असे लिहितो. चिडचिड होते, पण शोधायला गेले की आधार खरोखरच नसतो.