दुसऱ्यांदा पकडला गेला तर फाशीच होते का? अंमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा कशी ठरते

मागच्या महिन्यात असरनंतर एक खाला आपल्या भावाला घेऊन आमच्या घरी आल्या. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पोलिसांचे आणि कोर्टाचे कागद. खालांचं शिक्षण उर्दूत झालेलं, कागद मराठीत, म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या.

"सर, पोरगा दुसऱ्यांदा पकडला गेलाय. एमडीच्या केसमध्ये. मोहल्ल्यात सगळे म्हणतात, दुसऱ्या वेळेस थेट फाशी. खरं काय ते सांगा."

आम्ही वकील नाही, शाळेत शिकवतो. पण कागद वाचून दाखवणं आणि कायदा काय म्हणतो ते समजून घेऊन सांगणं एवढं तर आपण करू शकतो. त्या दिवशी आणि नंतर वकील मित्राकडे बसून जे समजलं ते इथे मांडत आहोत, कारण हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही. जुम्याच्या बयानात नशेविरुद्ध बोललं जातं, ते चांगलंच आहे; पण मुलगा पकडला गेल्यावर घरात जो अंधार होतो, त्यात काय करायचं हे कुणी सांगत नाही.

कायद्याचं नाव लांबलचक आहे: गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. या कायद्यात शिक्षेचा पहिला हिशेब माणसाचा नसतो, वजनाचा असतो. प्रत्येक पदार्थाची 'अल्प' मात्रा आणि 'व्यावसायिक' मात्रा सरकारने ठरवून दिलेली आहे. गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या पुढे व्यावसायिक. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. गर्द, म्हणजे हेरॉईन, ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. एमडी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. ज्याला आपल्याकडे काही गावांत 'कुत्ता गोळी' म्हणतात, त्यातलं अल्प्राझोलम ५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम.

अल्प मात्रेला जास्तीत जास्त १ वर्ष कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. व्यावसायिक मात्रेला कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २० वर्षं, आणि १ ते २ लाख दंड. या शेवटच्या प्रकारात न्यायाधीशांना कितीही दया आली तरी १० वर्षांच्या खाली जाता येत नाही.

वजनात एक मेख आहे. पुडीत भेसळ असते. गर्दमध्ये पावडर, गोळीत भुकटी. पूर्वी २००८ च्या एका निकालामुळे फक्त शुद्ध अंमली पदार्थाचं वजन धरलं जायचं. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो निकाल मोडीत काढला. आता भेसळीसकट सगळं वजन धरतात. 'त्यात माल थोडाच होता' हे सांगून आता काही होत नाही.

आता मूळ प्रश्न. 'दुसऱ्यांदा' म्हणजे काय?

मोहल्ल्यात दुसऱ्यांदा म्हणजे दुसऱ्यांदा पोलीस घरी आले. कायद्यात तसं नाही. कलम ३१ म्हणतं की याच कायद्याखाली आधी दोषी ठरलेला माणूस पुन्हा दोषी ठरला तर शिक्षा वाढते. अटक मोजली जात नाही, एफआयआर मोजला जात नाही, पेपरातली बातमी तर नाहीच. पहिली केस अजून चालू असेल किंवा तिच्यात निर्दोष सुटका झाली असेल, तर शिक्षेच्या हिशेबात हा पहिलाच गुन्हा. चालू केसचा त्रास जामिनाच्या वेळी होतो, हे मात्र खरं. व्यावसायिक मात्रा असेल तर कलम ३७ प्रमाणे न्यायालयाला दोन गोष्टी पटाव्या लागतात: आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही. आधीची केस डोक्यावर असताना ही दुसरी गोष्ट पटवणं फार कठीण.

आणखी एक अट कलम ३१ मध्येच आहे, पण घाईत ती नजरेतून सुटते. दुसरा गुन्हा 'तितक्याच शिक्षेचा' असायला हवा. आधी अल्प मात्रेत दोषी आणि पुन्हा अल्प मात्रेत दोषी, तर कलम लागतं. आधी व्यावसायिक आणि पुन्हा व्यावसायिक, तर लागतं. दोन गुन्ह्यांच्या शिक्षेची पट्टीच वेगळी असेल तर कलमाच्या शब्दांप्रमाणे ते आपोआप लागत नाही. हा मुद्दा वकिलाने वेळेवर मांडायचा असतो.

कलम लागलं तर वाढ किती? दीडपट, लोक म्हणतात तशी दुप्पट नाही. कमाल शिक्षा दीडपट होते आणि जिथे किमान शिक्षा आहे तिथे तीही दीडपट होते. म्हणजे व्यावसायिक मात्रेत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर कमीत कमी १५ वर्षं आणि जास्तीत जास्त ३० वर्षं. दंड दीड लाख ते तीन लाख; कारण लिहून न्यायालय त्याहून जास्तही लावू शकतं. अल्प मात्रेत १ वर्षाचं दीड वर्ष. परदेशातल्या न्यायालयाने अशाच कायद्याखाली दोषी ठरवलं असेल तर तेही धरलं जातं. ज्यांची मुलं आखातात कामाला आहेत त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आधीची शिक्षा पोलिसांनी नुसती तोंडाने सांगून चालत नाही. वाढीव शिक्षा मागायची असेल तर दोषारोपात आधीच्या दोषसिद्धीची तारीख आणि ठिकाण लिहावं लागतं. सत्र खटल्यात हा भाग आधी वाचून दाखवत नाहीत. नव्या गुन्ह्यात दोषी ठरल्यानंतरच तो काढतात, म्हणजे जुन्या गुन्ह्याची सावली नव्या पुराव्यावर पडू नये. आरोपीने जुनी शिक्षा नाकारली तर सरकारने निकालाची प्रमाणित नक्कल किंवा तुरुंगाचा दाखला आणून ती सिद्ध करायची. नाव सारखं, वडिलांचं नाव सारखं, वय जवळपासचं, असे शेख आणि खान आपल्याकडे एका गल्लीत चार निघतात. म्हणून हा टप्पा किरकोळ समजू नये.

फाशीची गोष्ट पूर्ण खोटी नाही. १९८९ मध्ये कलम ३१अ आलं. आधी व्यावसायिक मात्रेत किंवा तशाच गंभीर कलमात दोषी ठरलेला माणूस पुन्हा फार मोठ्या साठ्यासह दोषी ठरला, तर फाशी आणि फक्त फाशी, असं त्यात होतं. मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये चरसच्या खटल्यात तशी शिक्षा सुनावलीही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १६ जून २०११ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की न्यायाधीशांना दुसरा पर्यायच न ठेवणारी फाशी घटनेच्या कलम २१ मध्ये बसत नाही. कलम रद्द केलं नाही, पण सक्ती काढली. पुढे २०१४ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला. आता कलम ३१ची वाढीव शिक्षा किंवा फाशी, असा पर्याय न्यायाधीशांकडे आहे. आणि साठा किती? हेरॉईन १ किलो, कोकेन ५०० ग्रॅम, चरस २० किलो. गांजा त्या यादीत नाही, एमडीचंही नाव नाही.

म्हणजे गल्लीतल्या पोराच्या बाबतीत फाशीची भीती बिनबुडाची आहे. पण फाशीचं भूत उतरलं की लोक निवांत होतात, तेही चुकीचं. खरी मार वेगळीकडे बसते.

एक तर, दोन खटल्यांच्या शिक्षा एकावर एक चढतात. आधीची शिक्षा भोगत असताना दुसरी लागली तर ती पहिली संपल्यावर सुरू होते. दोन्ही एकत्र भोगायच्या तर न्यायालयाने तसं स्पष्ट लिहावं लागतं. एका माणसाला अमृतसरच्या न्यायालयाने १२ वर्षं आणि दिल्लीच्या न्यायालयाने १५ वर्षं दिली होती, दोन्ही खटले हेरॉईनचे. दोन्ही शिक्षा सोबत चालाव्यात अशी त्याची मागणी होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. एकूण २७ वर्षं.

दुसरं, चांगल्या वागणुकीची सूट. इतर गुन्ह्यांत तुरुंगात माफीचे दिवस मिळतात. एनडीपीएसमध्ये, नशा केल्याचं कलम २७ सोडलं तर, कलम ३२अ ते देत नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये या कलमाचा एक भाग रद्द केला, म्हणजे अपील चालू असताना वरचं न्यायालय शिक्षा स्थगित करू शकतं. पण माफीची बंदी कायम ठेवली. खटला चालू असताना तुरुंगात गेलेले दिवस मात्र शिक्षेतून वजा होतात.

तिसरं, दंड. दीड लाख कुठून आणायचे? न भरल्यास आणखी कैद. गुजरातच्या एका खटल्यात खालच्या न्यायालयाने १५ वर्षं दिली होती आणि दंड न भरल्यास आणखी ३ वर्षं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा त्याचा पहिलाच गुन्हा असल्याचं पाहून शिक्षा १० वर्षांवर आणली आणि दंडाबदलची कैद ६ महिने केली. पहिला गुन्हा असण्याची किंमत किती, ते इथे दिसतं.

म्हणूनच आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पहिल्या, छोट्या केसची. आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो: "कबूल करून टाक, दोन-पाच हजार दंड भर, मोकळा हो. कुठे वर्षभर तारखांना जाणार?" रोजावर काम करणाऱ्या बापाला हे पटतं. पण कबुली दिली की दोषसिद्धी झाली. दंडाची पावती हरवते, नोंद हरवत नाही. पुढच्या वेळी दीडपटीचं दार त्याच नोंदीने उघडतं.

याच कायद्यात दुसरा रस्ता आहे. कलम ६४अ सांगतं की नशेच्या आहारी गेलेला आणि नशा केल्याचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. दोषी ठरल्यानंतरही कलम ३९ खाली न्यायालय त्याच्या संमतीने, जामीनपत्र घेऊन, त्याला उपचारासाठी पाठवू शकतं. या दोन्ही कलमांबद्दल आम्ही ज्या ज्या घरी विचारलं, तिथे कुणालाच माहिती नव्हती. उलट नशामुक्ती केंद्रात पाठवणं म्हणजे बदनामी, बहिणीचं लग्न मोडेल, अशी भीती. नशामुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. कोठडीत असलेल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. त्यांचा क्रमांक १५१००.

शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. किमान शिक्षेपेक्षा जास्त द्यायची का, हे ठरवताना न्यायालयाने काय पाहावं ते कलम ३२ब मध्ये आहे: हत्यार वापरलं का, टोळीशी संबंध आहे का, अल्पवयीन मुलांना त्याची झळ बसली का, गुन्हा शाळेत किंवा शाळेच्या लगत झाला का. आणि विक्रीसाठी, पुड्या पोचवण्यासाठी लहान मुलांना वापरलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी वेगळी. "भाईने पुडी दिली, मी फक्त पोचवली" हे वाक्य आम्ही आठवीच्या मुलाच्या तोंडून ऐकलेलं आहे. घरच्यांनीही जपावं. माल आहे हे माहीत असून कपाटात ठेवू दिला, तर घर वापरू देणाऱ्यालाही कलम २५ प्रमाणे तीच शिक्षा आहे.

खालांच्या पिशवीतले कागद आम्ही दोनदा वाचले. पहिली केस गांजाची, अल्प मात्रा; मुलाने गुन्हा कबूल करून दंड भरला होता. मामांनीच तसं करायला सांगितलं होतं, ते खाली मान घालून बसले. आताच्या केसमध्ये पंचनाम्यात ८ ग्रॅम एमडी. मधली मात्रा. म्हणजे कमाल १० वर्षं, किमान काही नाही, आणि कलम ३७ ची कडक अट जामिनाला लागत नाही. पहिली शिक्षा १ वर्षाच्या गुन्ह्याची, ही १० वर्षांच्या, म्हणून दीडपटीला विरोध करायला जागा आहे. पण दोषी ठरला तर शिक्षेवर बोलायची संधी मिळेल तेव्हा 'पहिलाच गुन्हा' असं म्हणता येणार नाही. ते दार दोन वर्षांपूर्वीच बंद झालं.

खालांनी विचारलं, "मग फाशी नाही ना?" आम्ही नाही म्हणालो. त्यांनी कागद परत पिशवीत घातले, आणि प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टात कुठल्या मजल्यावर आहे ते भावाला लिहून घ्यायला सांगितलं.