वैतरणा नदीवरील रेल्वे पूल : इतिहास आणि नदीपात्राचा प्रश्न

प्रस्तावना :
कुंभवली-बोईसर परिसरातून रेल्वेने मुंबईकडे जाताना सफाळे व वैतरणा या स्थानकांदरम्यान नदीचे विस्तीर्ण पात्र ओलांडावे लागते. त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगांत उगम पावणारी वैतरणा येथे खाडीचे रूप धारण करते. येथील पुलांचा इतिहास नदीपात्राच्या संदर्भात पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पुलाची उभारणी :
बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीची स्थापना 1855 मध्ये झाली. गुजरातचा कापूस मुंबई बंदरात आणणे हा तिचा प्रमुख हेतू होता. 1864 मध्ये हा मार्ग मुंबईपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861-65) त्या वेळी भारतीय कापसाला मोठी मागणी होती.

मार्गात भरती-ओहोटीच्या अनेक खाड्या असून त्यांच्या तळाशी चिखलाचे जाड थर होते. तेथे दगडी पाया घेणे खर्चिक व वेळखाऊ ठरले असते. म्हणून कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जे. पी. केनेडी यांनी एकच नमुना सर्वत्र वापरला : ओतीव लोखंडाचे मळसूत्री खांब आणि त्यांवर 60 फुटी गाळ्यांचे वॉरन गर्डर. खांबाच्या टोकाशी रुंद मळसूत्री पाते असे. खांब फिरवत तळात उतरविला, की हे पाते भार विस्तृत क्षेत्रावर पसरवीत असे. सुटे भाग इंग्लंडमधून आणून येथे जोडले जात.

नदीपात्राचा प्रश्न :
मूळ पुलांची जागा पुढे अधिक भक्कम पुलांनी घेतली. आज 92 व 93 या क्रमांकांच्या पुलांवरून मुंबई-दिल्ली मार्गावरील गाड्या धावतात. तथापि बांधकामाचे तंत्र बदलले, तरी पायाला तळाचा आधार लागतोच. पुलाजवळ रेती उपसल्यास पात्र खोल होते, प्रवाह खांबांभोवतीची माती वाहून नेतो आणि पाया उघडा पडतो. बंदी असूनही या भागात अवैध रेतीउपसा वारंवार उघडकीस आला आहे.

याची दुसरी बाजू मानवी आहे. दोन्ही पुलांच्या मधील बेटावर वाढीव हे गाव आहे. रस्त्याच्या पुलाअभावी येथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे रेल्वे पुलावरूनच पायी ये-जा केली असून त्यात काहींना प्राण गमवावे लागले आहेत.

निष्कर्ष :
केनेडी यांनी तळाचा स्वभाव ओळखून पूल रचला. त्या तळाचेच रक्षण न झाल्यास पूल सुरक्षित राहू शकत नाही. म्हणून रेतीउपशावरील नियंत्रण हा पूलरक्षणाचाच भाग मानला पाहिजे. तसेच ज्या नदीवरून कापूस नेण्यासाठी 1864 मध्ये लोहमार्ग झाला, त्या नदीतील गावाला सुरक्षित पायवाट मिळणे, ही विकासाची किमान कसोटी होय.